‘दुर्मिळ’ म्हणजे नक्की किती? जिप्सी, थार ७०० आणि सिनॉप्सिसमधला एक निसरडा शब्द



पेट झाली, कोर्सवर्क संपत आलं, आता सिनॉप्सिस लिहायला बसायचं आहे, अशा टप्प्यावर तुमच्यापैकी बरेच जण असतील. कच्च्या मसुद्यांमध्ये काही शब्द हमखास भेटतात. ‘प्रभावी’, ‘लोकप्रिय’, ‘मागास’ आणि ‘दुर्मिळ’. लिहिताना हे शब्द अगदी सरळ वाटतात. आरआरसीसमोर बसल्यावर कुणीतरी शांतपणे विचारतं, “दुर्मिळ म्हणजे किती?” आणि तिथे पंचाईत होते.

आजचा लेख या एका शब्दावर आहे. माझा स्वतःचा विषय प्राण्यांच्या संख्येचा अंदाज कसा काढायचा हा, त्यामुळे ‘दुर्मिळ’ हा शब्द माझ्या रोजच्या कामातला. पण आज उदाहरण वाघाचं घेत नाही, गाड्यांचं घेते. दुर्मिळ, मर्यादित संख्येत निघालेल्या गाड्या आणि त्यांच्यामागे वेडे झालेले शौकीन. प्रश्न असा : एखादी गाडी ‘दुर्मिळ’ आहे असं कळलं की माणसाला तिची ओढ का वाटते? प्रश्न ऐकायला सोपा आहे. त्याचं उत्तर शोधायला निघालं की पहिल्याच पायरीवर लक्षात येतं की दुर्मिळपणा ही एकच एक गोष्ट नाही. कोणता दुर्मिळपणा, तो मोजला कसा आणि कुणाच्या दृष्टीनं, हे ठरवल्याशिवाय ‘ओढ का वाटते’ या प्रश्नाला हात घालता येत नाही.

दोन गाड्या, दोन गोष्टी

पहिली गाडी महिंद्राची थार ७००. २०१९ च्या जूनमध्ये कंपनीनं जाहीर केलं की जुन्या थारच्या आता शेवटच्या ७०० गाड्या निघतील. त्यांच्यावर आनंद महिंद्रांच्या सहीचा बिल्ला असेल. किंमत तेव्हा एक्स-शोरूम ९.९९ लाख. इंजिन तेच, चौकट तीच. वेगळं काय? पट्टे, बिल्ला, काही सजावट आणि ७०० हा आकडा. ही गाडी पहिल्या दिवसापासून दुर्मिळ होती, कारण तसं ठरवलेलंच होतं.

दुसरी गाडी तुम्हा-आम्हाला घरची. मारुती जिप्सी. १९८५ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आली. सुझुकीच्या एसजे ४१० या गाडीवर बेतलेली, ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन, चारही चाकांना जोर देण्याची सोय. १९९६ मध्ये १.३ लिटर इंजिनाची जिप्सी किंग आली. लष्कर, पोलीस, वन विभाग, डोंगरातले रस्ते, मोटार रॅली, सगळीकडे ती गेली. वजनाला हलकी, टप काढला की उघडी आणि डिझेल गाड्यांच्या मानानं आवाज कमी. त्यामुळे व्याघ्र प्रकल्पांतल्या सफारीसाठी ती जणू बनवलेलीच होती. ताडोबात तर ‘जिप्सी’ हे गाडीच्या मॉडेलचं नाव न राहता सफारीच्या वाहनाचंच नाव झालं. “किती जिप्स्या आत गेल्या?” असं विचारणारा माणूस सफारीच्या गाड्या मोजत असतो, मारुतीचा कारखाना त्याच्या डोक्यातही नसतो.

मग २०१८ च्या अखेरीस कंपनीनं सामान्य ग्राहकांकडून जिप्सीची मागणी घेणं थांबवलं. एबीएस, अपघात-चाचणी, बीएस-६ असे नवे नियम २०१९ आणि २०२० मध्ये एकापाठोपाठ एक लागू होणार होते आणि तीस वर्षांहून जुना आराखडा त्यात बसवणं परवडणारं नव्हतं. लष्करासाठी त्यानंतरही गाड्या निघाल्या, पण शोरूममध्ये जाऊन नवी जिप्सी घेणं संपलं.

आता बघा. जिप्सी काही ७०० निघाली नाही, तेहतीस वर्षं निघत राहिली. मोहर्ली गेटवर पहाटे उभं राहिलात तर रांगच्या रांग दिसेल. तरीही चांगल्या अवस्थेतली, मूळ रूपातली जिप्सी म्हटलं की शौकिनांचे कान टवकारतात. थार ७०० जन्मतः दुर्मिळ, जिप्सी हळूहळू दुर्मिळ होत चाललेली. एकीचा दुर्मिळपणा जाहिरातीत छापलेला, दुसरीचा कुणी ठरवलेला नाही. दोन्हींना एकच शब्द लावला आणि एकाच तक्त्यात टाकलं, तर तुमचा डेटा पहिल्याच दिवशी बिघडला म्हणून समजा.

वनस्पतिशास्त्राकडून उसना घेतलेला तक्ता

हा गोंधळ जीवशास्त्रात फार आधी झाला होता. १९८१ मध्ये डेबोरा रॅबिनोविट्झ या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञेनं त्यावर एक साधा तोडगा सुचवला. ती म्हणाली, एखादी वनस्पती दुर्मिळ आहे असं म्हणताना आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ करतो.

एक : ती किती मोठ्या प्रदेशात आढळते?
दोन : तिला विशिष्टच जागा लागते का, की कुठेही चालते?
तीन : जिथे आहे तिथे ती भरपूर आहे की तुरळक?

प्रत्येक प्रश्नाची दोन उत्तरं धरली की दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ शक्यता होतात. त्यातली एक (मोठा प्रदेश, कुठेही चालते, भरपूर) म्हणजे सर्वसामान्य जात. उरलेले सात म्हणजे दुर्मिळपणाचे सात प्रकार. बस, एवढंच. पण या एवढ्याशा तक्त्यानं संवर्धनाच्या अभ्यासातला विचार बदलला, कारण प्रत्येक प्रकाराचा धोका वेगळा आणि उपायही वेगळा.

आपल्याकडचीच उदाहरणं घ्या. वाघाचा प्रदेश मोठा, हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेपर्यंत. कोरडं जंगल, ओलं जंगल, सुंदरबनची खाडी, बऱ्याच ठिकाणी तो राहू शकतो. पण जिथे आहे तिथे संख्येनं कमीच असतो, कारण एकेकाला मोठं क्षेत्र लागतं. रानम्हशीचं महाराष्ट्रातलं ठिकाण म्हणजे गडचिरोलीतलं कोलामार्का. तिचा प्रदेशही छोटा आणि संख्याही तुटपुंजी. कोकणातली खारफुटी बघा : तिला खाडीचा चिखलच लागतो, पण तिथे गेलात की गर्दीनं उभी असते. तिन्हींना ‘दुर्मिळ’ म्हणता येईल, पण तिघांचं दुखणं एक नाही.

आता हाच तक्ता गाड्यांना लावू. ‘प्रदेश’ म्हणजे गाड्या किती ठिकाणी पसरल्या आहेत. ‘विशिष्ट जागा’ म्हणजे एकाच कामाला बांधलेली आहे की कुठल्याही वापराला चालते. ‘भरपूर की तुरळक’ म्हणजे एका ठिकाणी किती.

थार ७०० : देशभर विखुरलेली, रोजच्या वापरापासून डोंगरापर्यंत कशालाही चालणारी, पण कुठेही गेलात तरी तुरळक. थोडीफार वाघासारखी.

जिप्सी : देशभर पसरलेली, पण आता मुख्यतः ठरावीक कामांत टिकून. सफारी, लष्कर, रॅली, शौकीन. आणि त्या ठिकाणी मात्र भरपूर. म्हणजे खारफुटीसारखी! नागपूरच्या वर्धा रोडवर तासभर उभे राहिलात तर कदाचित एकही दिसणार नाही, मोहर्लीला मात्र दहा मिनिटांत दहा.

सॅन स्टॉर्म : भारतात बनलेली दोन आसनी, फायबरग्लास बॉडीची, रेनोच्या १.२ लिटर इंजिनाची छोटी स्पोर्ट्स कार. तिन्ही प्रश्नांची उत्तरं ‘कमी’. मोजक्या शहरांत, मोजक्या हौशी लोकांकडे, एका ठिकाणी फार तर एखादी.

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींची मीरा : स्वातंत्र्यानंतरच्या काळात स्वतःच्या बुद्धीनं तयार केलेली छोटी गाडी. मोजके नमुने झाले, कारखान्यातून घाऊक उत्पादन कधी झालंच नाही. दुर्मिळपणाचं हे टोकच.

तुमच्या प्रबंधाचा विषय गाडी नसेल, हरकत नाही. दुर्मिळ बोलीभाषा, दुर्मिळ आजार, दुर्मिळ हस्तलिखितं, कशालाही हा तक्ता लावून बघा. एक मोघम शब्द तीन मोजता येणाऱ्या प्रश्नांत फोडायचा, हीच युक्ती. पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात तिला ‘कार्यात्मक व्याख्या’ म्हणतात.

किती उरल्या, हे मोजायचं कसं?

व्याख्या झाली. आता मोजणी. किती जिप्स्या बनल्या हा एक आकडा आणि किती उरल्या हा दुसराच. शौकिनांच्या गप्पांत हे दोन आकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

सरकारी नोंदीवरून काही कळेल का? थोडंफार. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती १०,००० केली गेली. म्हणजे दर पाच वर्षांनी मालकासमोर एक प्रश्न येतो : ठेवू की काढू? संशोधकाच्या दृष्टीनं हा फार उपयोगी क्षण, कारण तिथे नोंद होते. पण नोंद असलेली गाडी चालू असेलच असं नाही. गोठ्याच्या मागे गवतात बुडालेली गाडीही कागदावर जिवंत असू शकते, आणि नूतनीकरण न केलेली गाडी शेतात रोज पळत असू शकते.

मग वाघ मोजणाऱ्यांची पद्धत वापरू. १९९० च्या दशकात के. उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत कॅमेरा ट्रॅप लावून वाघांचा अंदाज काढायची पद्धत भारतात रुजवली. तिचा पाया असा : प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, त्यामुळे फोटोवरून तोच वाघ पुन्हा ओळखता येतो. गाडीचे पट्टे म्हणजे चेसिस नंबर.

समजा (हे आकडे निव्वळ उदाहरणापुरते) तुम्ही जानेवारीत एका भागात फिरून ४० जिप्स्यांचे चेसिस नंबर टिपले. मार्चमध्ये पुन्हा फिरलात, ५० दिसल्या. त्यातल्या २० जानेवारीत टिपलेल्याच निघाल्या. तर अंदाज असा :

एकूण = (पहिल्या वेळी टिपलेल्या × दुसऱ्या वेळी दिसलेल्या) ÷ दोन्ही वेळी दिसलेल्या
= (४० × ५०) ÷ २० = १००

तर्क सोपा आहे. दुसऱ्या फेरीत दिसलेल्या ५० पैकी २०, म्हणजे ४० टक्के गाड्या ‘खूण केलेल्या’ होत्या. तेव्हा खूण केलेल्या ४० गाड्या या एकूण गाड्यांच्या साधारण ४० टक्के असणार. म्हणून एकूण १००.

आता खरी गंमत गृहीतकांत आहे. इथेच मौखिक परीक्षेत विद्यार्थी अडकतात.

पहिलं गृहीतक : मधल्या काळात कुणी नवं आलं नाही, कुणी गेलं नाही. दोन महिन्यांत एखादी जिप्सी दुसऱ्या राज्यात विकली गेली, तर ते मोडतं.

दुसरं : खूण पुसली जात नाही. चेसिस नंबरऐवजी तुम्ही नंबर प्लेट टिपली असती तर काय झालं असतं? दिल्लीची गाडी चंद्रपुरात येऊन एमएच ३४ झाली, किंवा गडचिरोलीत जाऊन एमएच ३३ झाली, की ती तुम्हाला ‘नवी’ वाटणार. दोन्ही वेळी दिसलेल्यांचा आकडा घटला, म्हणजे भागाकारात खालचा आकडा लहान झाला आणि एकूण अंदाज विनाकारण फुगला.

तिसरं : प्रत्येक गाडी दिसण्याची शक्यता सारखी. हे सगळ्यात फसवं. मोजणी फक्त शौकिनांच्या मेळाव्यात केली, तर दोन्ही वेळी तेच हौशी मालक तीच चकाचक गाडी घेऊन येणार. दोन्ही वेळी दिसलेल्यांचा आकडा वाढला, अंदाज खाली आला आणि तुम्ही निष्कर्ष काढला, “गाडी फारच दुर्मिळ आहे हो!” प्रत्यक्षात मेळाव्याला कधीच न येणाऱ्या, जंगलात रोज धुळीत धावणाऱ्या गाड्या तुम्ही मोजल्याच नाहीत. कॅमेरा एकाच पाणवठ्यावर लावून अख्ख्या जंगलाचा आकडा सांगण्यासारखं झालं हे.

‘दुर्मिळ गाड्या’ या विषयावरची बरीचशी माहिती अशीच मेळावे, लिलाव आणि मासिकांतून येते. ती वाईट नाही, पण ती कुठून आली हे प्रबंधात लिहावंच लागतं.

आता मूळ प्रश्न : ओढ का वाटते?

१९७५ साली वर्चेल, ली आणि अडेवोले या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना बरणीतलं बिस्किट देऊन त्याबद्दल मत विचारलं. काहींच्या बरणीत दहा बिस्किटं, काहींच्या बरणीत दोनच. बिस्किट तेच. दोनच असलेल्या बरणीतलं बिस्किट लोकांना जास्त हवंसं आणि जास्त किमतीचं वाटलं. पण चवीला जास्त चांगलं वाटलं का? नाही. ‘हवंसं वाटणं’ आणि ‘आवडणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे वहीत लिहून घ्या.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. आधी दहा होती आणि मग दोनच उरली, असं ज्यांच्यासमोर घडलं त्यांना ते बिस्किट सुरुवातीपासून दोनच असलेल्यांपेक्षाही जास्त हवंसं वाटलं. म्हणजे कमी असण्यापेक्षा कमी होत जाणं जास्त ओढ लावतं. थार ७०० आणि जिप्सी यांच्यातला फरक नेमका हाच. पण लगेच ‘म्हणून जिप्सीची ओढ जास्त’ असं लिहू नका. बिस्किटाच्या प्रयोगावरून मोटारीचा निष्कर्ष काढता येत नाही, फक्त तपासण्यासारखं गृहीतक मिळतं.

दुसरा प्रयोग जीवशास्त्राकडून. २००८ मध्ये गोल्ट, मेनार आणि कूर्शाँ यांनी लोकांना कॅव्हियार, म्हणजे स्टर्जन माशाची अंडी, चाखायला दिली. दोन वाट्या. एक दुर्मिळ जातीच्या माशाची, एक साध्या जातीची, असं सांगितलं. प्रत्यक्षात दोन्हींत एकच कॅव्हियार होतं. तरी लोकांचा कल दुर्मिळ म्हणून सांगितलेल्या वाटीकडे गेला. ‘दुर्मिळ’ हे लेबलच काम करून गेलं.

अर्थशास्त्रात यालाच एक जुनं नाव आहे. १९५० मध्ये हार्वे लायबेनस्टाइननं मागणीचे तीन परिणाम वेगळे करून दाखवले. सगळे घेतात म्हणून मीही घेतो, हा एक. फार लोक घ्यायला लागले की मला नको, हा दुसरा. महाग आहे म्हणूनच हवं, हा तिसरा. मर्यादित आवृत्तीच्या गाडीत दुसरा आणि तिसरा परिणाम एकत्र येतात, आणि किमतीच्या आकड्यांवरून ते वेगळे करणं अवघड होऊन बसतं.

एक सावधगिरी. फेरारी २५० जीटीओ १९६२ ते १९६४ दरम्यान फक्त ३६ बनल्या आणि २०१८ च्या एका लिलावात त्यातली एक ४.८४ कोटी डॉलरला गेली. हे वाचून ‘कमी संख्या म्हणजे जास्त किंमत’ असा सरळ नियम बांधावासा वाटतो. पण सॅन स्टॉर्मही कमीच आहेत, मीरा तर त्याहून कमी. त्यांच्यासाठी जगभरातून बोली लागत नाही. उलट फेरारी एफ४० सुरुवातीला सुमारे ४०० च काढायचं ठरलं होतं. १९८७ ते १९९२ मध्ये निघाल्या १,३०० हून जास्त, तरी तिची ओढ काही आटली नाही. म्हणजे दुर्मिळपणा पुरेसाही नाही आणि घोषित आकडा पाळला जाणं आवश्यकही नाही. शर्यतीतला इतिहास, कथा, रूप, ती चालवण्याचा अनुभव, लहानपणीची आठवण, हे सगळं किमतीत मिसळलेलं असतं. आपल्या कानावर येतात त्या फक्त दुर्मिळ आणि महाग झालेल्या गाड्या. दुर्मिळ होऊन विसरल्या गेलेल्या गाड्या बातमीत येतच नाहीत. याला निवड-दोष म्हणतात आणि तो तुमच्या विषयातही कुठेतरी लपलेला असणार, शोधा.

ओढीचं पुढे काय होतं?

२००६ मध्ये फ्रँक कूर्शाँ आणि सहकाऱ्यांनी एक अस्वस्थ करणारी कल्पना मांडली. एखादा प्राणी दुर्मिळ झाला की त्याची शिकार परवडेनाशी व्हावी आणि त्यामुळे तो वाचावा, असं साधं अर्थशास्त्र सांगतं. पण लोकांना दुर्मिळपणाचंच मोल वाटत असेल, तर संख्या घटली की किंमत वाढते, किंमत वाढली की शेवटच्या काहींचा माग काढणंही परवडतं, आणि जात नामशेष होण्याकडे ढकलली जाते. दुर्मिळपणाच दुर्मिळपणा वाढवतो.

गाडीच्या बाबतीत बाण उलट फिरायला हवा. जिप्सीची किंमत वाढली की मालक ती भंगारात काढणार नाही, दुरुस्त करेल, शेडमध्ये ठेवेल. मग शौकीन म्हणजे गाडीचे तारणहार? काही अंशी हो. पण ‘गाडी’ मोजण्याऐवजी ‘कामावरची गाडी’ मोजली, की चित्र बदलतं.

समजा मोहर्लीतल्या एका माणसाकडे एकच जिप्सी आहे आणि घर तिच्या फेऱ्यांवर चालतं. त्याच्यासाठी ती संग्रहाची वस्तू नाही, औत आहे. तिला लागणारे सुटे भाग तेच, जे शहरातल्या शौकिनाला त्याची जिप्सी मूळ रूपात आणायला हवे असतात. जिप्सी किंगचं इंजिन ज्या घराण्यातलं, ते मारुती एस्टीममध्येही होतं, आणि एस्टीमही केव्हाच बंद झाली. म्हणजे सुट्या भागांचा साठा दोन्हीकडून आटतोय. जुन्या गाडीला चांगला भाव आला तर आपला माणूस ती विकेलही. त्यात त्याचा फायदा आहे का? गाडी विकून आलेल्या पैशात दुसरं सफारीयोग्य वाहन येत असेल तर हो. येत नसेल तर त्यानं एकदाचे पैसे घेतले आणि रोजचं उत्पन्न दिलं. यातलं कोणतं घडतंय, हे टेबलावर बसून सांगता येणार नाही. मालकांना भेटून विचारायला हवं. चंद्रपूरच्या कुठल्याही समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा पर्यटनाच्या विद्यार्थ्याला बसनं जाऊन करता येईल असा हा अभ्यास आहे.

नियमांचाही यात वाटा आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी त्यात बसते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी क्रमांक-मालिका मिळते, पण रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालवता येत नाही. सर्वांत जुन्या जिप्स्या पन्नाशी गाठतील २०३५ च्या अखेरीस. तेव्हा मागे उंच बाकं, जास्तीच्या दांड्या बसवलेल्या सफारी जिप्स्या ‘मूळ रूपात’ ठरतील का? कठीणच आहे. ज्या गाड्यांनी जिप्सीला नाव मिळवून दिलं, त्याच कागदोपत्री वारशाच्या बाहेर राहण्याची शक्यता आहे. वारसा कशाला म्हणायचं, हीदेखील शेवटी व्याख्याच.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

एवढा प्रवास केल्यावर मसुद्यातलं वाक्य कसं बदलतं ते बघा.

आधी : ‘दुर्मिळ मोटारींविषयी शौकिनांना वाटणाऱ्या आकर्षणाचा अभ्यास.’

नंतर : ‘उत्पादन थांबल्यामुळे संख्या घटत असलेल्या आणि मर्यादित संख्येत जाहीर झालेल्या अशा दोन प्रकारच्या मोटारींबाबत, मालक मागत असलेल्या किमतीत आणि गाडी न विकण्याच्या त्यांच्या कारणांत फरक आढळतो का?’

दुसरं वाक्य लांब आहे, कबूल. पण त्यात तुलना आहे, मोजता येईल अशी गोष्ट आहे, आणि उत्तर ‘नाही’ येण्याचीही शक्यता आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ येऊच शकत नाही, तो संशोधनाचा प्रश्न नव्हे.

शेवटची एक गोष्ट नीतिमत्तेची. २०१७ मध्ये लिंडेनमेयर आणि शील या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की दुर्मिळ जातींची नेमकी ठिकाणं छापू नका, कारण शोधनिबंध वाचूनही शिकारी पोचतात. गाड्यांबाबतही हेच. चेसिस नंबर, मालकाचं नाव, शेडचा पत्ता जोडपत्रात छापलात तर चोराला आणि बनावट कागद करणाऱ्याला आयती यादी मिळाली. टिपताना पूर्ण टिपा, छापताना झाकून छापा. संमतीपत्रात हे मालकाला आधी सांगा.

आणि आता तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या आराखड्यातला सर्वांत लाडका विशेषण-शब्द शोधा. त्याखाली तीन ओळी लिहा : तो कोणकोणत्या अर्थानं वापरता येतो, त्यातला मी कोणता घेतलाय, आणि तो मोजताना कोणती गाडी (किंवा माणूस, किंवा झाड) माझ्या नजरेतून सुटणार आहे. तिसरी ओळ लिहिता आली, तर आरआरसीसमोर जायला हरकत नाही.